रिकामी दाखवलेली जमीन

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठात आमच्या मजल्यावरचं कॉफीचं मशीन भरायला येणारा तो माणूस पॅसिफिकमधल्या एका ज्वालामुखीच्या बेटावरचा होता. मी त्याच बेटावरच्या नदीचा नकाशा करतोय हे कळल्यापासून तो रोज विचारायचा, "काय डॉक्टर, आज कुठून वाहतेय आमची नदी?" माझी पीएचडी अजून व्हायची होती, म्हणून आम्ही दोघंही हसायचो.

एकदा त्याने हात पँटला पुसले आणि माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. नदीकाठची सपाट जमीन मी रिकामी आणि वस्तीला योग्य अशी दाखवली होती. पुरात बुडालेली गावं तिथे नेऊन वसवायची होती. त्यात त्याच्या बहिणीचंही गाव होतं.

"रिकामी का आहे, हे विचारलंत कुणाला?" तो म्हणाला. "डोंगरावरून राख आली की पात्र भरतं आणि मग नदी इथून जाते. आमच्याकडे इथे कुणी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधत नाही."

मी माझ्या मार्गदर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, "ऐकीव गोष्टी अहवालात घालता येत नाहीत." तालुक्याच्या गावातून मला इथवर आणलं ते त्यांनीच. घरातला पहिला पदवीधर मी. त्यांच्यापुढे पुन्हा तोंड उघडलं नाही. अहवाल माझ्या सहीने गेला.

तो नकाशा आता फ्रेम करून मशीनशेजारी लावला आहे. मशीन भरताना तो माणूस त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. मला पदवी मिळाली, त्या दिवसापासून तो मला 'सर' म्हणतो.