रुबाब मागल्या गाडीनं

"पाय सांभाळा सायब, रुबाब मागल्या गाडीनं येईल," असं म्हणत आमच्या स्टेशनचा पोर्टर गाडीच्या दाराशी स्टूल ठेवायचा.

तळेगावच्या अलीकडचं आमचं स्टेशन अगदी लहान. फलाट इतका बुटका, की डब्याची पायरी गुडघ्याच्याही वर यायची. लोकल थांबायची जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात हा पोर्टर रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या फळीचं स्टूल घेऊन बायकांच्या डब्याकडे धावायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, भाजीच्या पाट्या वर चढवायचा आणि गाडी हलली की स्टूल काखेत मारून उभा राहायचा. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. स्टूलही त्यानंच ठोकलेलं.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात शिकाऊ होतो आणि स्वतःला चीफ इंजिनियरच्या वरचा समजत होतो. स्टूल बायकांसाठी असतं, असं माझं मत. मी दांडी धरून उडी मारायचो. असे वीर तुम्हीही पाहिले असतील.

कायम करण्याच्या मुलाखतीच्या दिवशीही मी तशीच उडी मारली. बूट नवे होते, ते घसरले. गाडी निघून गेली, मी फलाटावर बसलेला, आणि टेरिकॉटची पँट मागून अशी फाटलेली, की उठायचीही सोय नव्हती. दुसरी पँट खोलीवर बादलीत भिजत होती. नोकरी गेली तर गावाकडे परत जावं लागणार, आणि तिकडे वडील मुलगा कायम झाल्याचं आधीच सांगून बसले होते. मला रडू आलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तो हसला नाही. मला सिग्नलचे कंदील ठेवायच्या दिव्यांच्या खोलीत घेऊन गेला आणि कमरेला पंचा गुंडाळून आपली निळी सरकारी पँट काढून दिली.

"घाला. पुढली गाडी तासानं हाय."

पँट मला चार बोटं आखूड झाली. मुलाखतीत एक साहेब माझ्या घोट्यांकडेच बघत होते. धुण्यात आटली, असं मी बेधडक सांगितलं. नोकरी कायम झाली. यंत्रांच्या ज्ञानावर झाली, असं मी पुढे वर्षानुवर्षं सांगत आलो.

संध्याकाळी मी पँट परत केली. आठवड्यानं स्टेशनमास्तरांकडून कळलं, की त्याच दुपारी वरचे साहेब तपासणीला आले होते. पंचा नेसून हिरवं निशाण दाखवणारा पोर्टर त्यांनी पाहिला आणि त्याला मेमो दिला. पँट कुठे गेली, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी विचारलं, का नाही सांगितलंत?

"इजार तुमच्या कामाला गेली व्हती," तो म्हणाला. "ती काय सांगायची गोष्ट हाय व्हय?"

एवढं होऊनही मी स्टुलावर पाय ठेवला नाही. फरक इतकाच, की आता पँट वर ओढून उडी मारायचो. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

पुढे मी सुपरवायझर झालो, गळ्यात टाय आला. एका सकाळी गाडी आली आणि पेरूची पाटी घेतलेली एक म्हातारी पायरीसमोर तशीच उभी राहिली. तो कुठे दिसेना. नवा पोर्टर निशाण घेऊन जागेवर उभा होता, आणि नियमानं त्याची जागा तीच होती. जुना पोर्टर शनिवारीच रिटायर होऊन मावळात गावी गेला, असं म्हातारीनं सांगितलं. शनिवारी मी ओव्हरटाइमला होतो. मला फार लाज वाटली.

स्टूल दिव्यांच्या खोलीबाहेर उलटं पडलं होतं. आमच्या खात्यातली पोरं डब्याच्या खिडकीतून बघत होती. मी धावत जाऊन ते आणलं. म्हातारी माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली, तिच्यामागून आणखी दोघी चढल्या. मी पाटी वर दिली, तोवर गाडी हलली. दांडी हाताशी होती, उडी मारता आली असती. पण स्टूल रुळाच्या कडेला राहिलं असतं.

मी ते काखेत मारलं आणि मागल्या गाडीनं गेलो.