पाण्यात दिसलेली किडनी

इथे लोक लिहितात ते अनुभव मी आजवर दुपारच्या डब्यासोबत वाचत आले, आणि खरं सांगते, हसत वाचत आले. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागे कोणीतरी बसतं... मला वाटायचं, या मंडळींची झोप पुरी होत नसेल. माझं कामच माणसाला आरपार बघायचं. यवतमाळला एका खाजगी सेंटरमध्ये मी सीटी स्कॅन टेक्निशियन आहे. इतकी पोटं, छात्या, डोकी बघितली, आत्मा काही कुठे सापडला नाही, असं मी घरी म्हणायची आणि आईची बोलणी खायची.

आता म्हणत नाही.

आधी थोडं कामाचं सांगते. आमच्याकडे रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी एक टेस्ट करावी लागते. प्लास्टिकचा गोल, सीलबंद डबा असतो, पोळ्यांच्या डब्याएवढा, आत नुसतं पाणी. तो टेबलावर अडकवायचा आणि त्याचा स्कॅन काढायचा. स्क्रीनवर एकसारखा राखाडी गोल येतो. मशीनने पाण्याला पाणी म्हटलं की बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. बस्स. त्या गोलात बघण्यासारखं काही नसतं. मी तर तेवढ्या वेळात चहा पिऊन घ्यायची.

दुसरी गोष्ट मुतखड्याची. आमच्या भागात ऊन मरणाचं, बोअरचं पाणी खारं, त्यामुळे मुतखड्याला तोटा नाही. हल्ली स्कॅनवरून एक सॉफ्टवेअर सांगतं की खडा किती टणक आहे, कातडीपासून किती आत आहे, आणि बाहेरून शॉकचे, म्हणजे ध्वनिलहरींचे, तडाखे दिले तर फुटेल की नाही. हिरवा, पिवळा, लाल असा रंगच देतं. डॉक्टर त्यावरून ठरवतात की शॉक द्यायचे, की आत दुर्बीण घालून लेझरने फोडायचा.

तर माझा मोठा भाऊ, गजूदादा. दारव्ह्याजवळ आमची शेती तोच बघतो. लहानपणी त्याची उजवी किडनी खराब निघाली म्हणून काढून टाकली होती. आहे ती एकच, डावी. त्यामुळे त्याला कंबरेत उसण भरली तरी आमचं घर हादरतं. मागच्या दिवाळीच्या आसपास त्याला डाव्या बाजूला कळा सुरू झाल्या. आधी कुळथाचं पाणी झालं, पानफुटीची पानं चावून झाली, आणि लघवी लाल झाल्यावर साहेब यवतमाळला आले. डॉक्टरांनी सीटी लिहून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच काढणार होते.

त्या सकाळी सेंटरमध्ये नेहमीसारखी गडबड होती. बाहेर रिसेप्शनवर उदबत्ती लावलेली, झाडूपोछा चाललेला, खिडकीतून ऊन थेट कन्सोलवर आलेलं. मी पाण्याचा डबा लावला, बटण दाबलं, चहाचा कप उचलला.

राखाडी गोल आला. त्याच्या मधोमध किडनी होती.

अंधुक नाही, भास नाही... स्वच्छ किडनी. आत पांढराशुभ्र खडा, एका बाजूला चोच काढल्यासारखा. आणि किडनीच्या पाठच्या बाजूने चंद्रकोरीसारखी पांढुरकी जाड कड. ती कड आम्ही ओळखतो. ते ताजं रक्त असतं. शॉक दिल्यावर एखाद्या पेशंटला किडनीभोवती रक्तस्राव होतो, तेव्हा ती दिसते.

मी काचेतून आत बघितलं. टेबलावर डबा होता. डब्यात पाणी होतं, दिव्याच्या उजेडात चमकत होतं.

मला भीती वाटली हे सरळच लिहिते. मी मनात म्हणत होते, कालच्या कुठल्या तरी पेशंटची इमेज घुसली असेल. पण काल एकही पोटाचा स्कॅन झाला नव्हता. मी टेस्ट परत लावली. साधा राखाडी गोल. आणि टेस्ट परत लावली की आधीची इमेज पुसली जाते, हे मला माहीत असूनही त्या घाबरेपणात मी ती आधी सेव्ह केली नाही.

माझा सहकारी फिरोजभाई आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "मशीन आज ठीक वाटत नाही." त्याने आकडे बघितले. "एकदम बराबर आहे ताई. नाश्ता नाही केला का?"

थोड्या वेळाने दादा आला, वहिनीला घेऊन. टेबलावर झोपल्या झोपल्या मला म्हणतो, "नीट पाह्य बरं नंदे. नाहीतर पोटातलं सारं गावभर सांगशील." मी हसले. स्कॅन सुरू केला. डावी किडनी स्क्रीनवर आली.

तीच किडनी. तोच खडा, तीच चोच. फक्त ती पांढुरकी कड नव्हती.

सॉफ्टवेअरने हिरवा रंग दिला. खडा मऊ, कातडीपासून जवळ, शॉकने फुटण्याची शक्यता चांगली. डॉक्टर खूश झाले. परवाच शॉक देऊ, म्हणाले, कापाकापी नाही, संध्याकाळी घरी. दादाला तेच हवं होतं, शेतात कापूस वेचणीला आला होता.

मी डॉक्टरांना चाचरत विचारलं, "सर, एकच किडनी आहे... लेझरने केलं तर?"

"अहो, इतकं चांगलं चित्र आहे. उगाच भूल देऊन दुर्बीण कशाला घालायची? घरचा पेशंट म्हणून घाबरताय तुम्ही."

काय सांगणार होते मी त्यांना? की सर, पाण्यात रक्त दिसलं? दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती आणि वर उपचार माझ्यावरच सुरू झाले असते.

संध्याकाळी माझ्या घरी दादा जेवायला बसला तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

"तू काहून रडून राह्यली?"

"दादा, तू रक्त पातळ करायची गोळी घेतो का? बीपीची? कसलीही?" रक्तस्राव होण्याची हीच कारणं मला माहीत होती.

"मले काय झालं गोळ्या घ्याले? डॉक्टरनंही विचारलं, मी नाही म्हटलं."

वहिनी पोळी वाढता वाढता थांबली. "अन् माह्या बाबाच्या गोळ्या घेता त्या?"

"थ्या का माह्या गोळ्या हायत? थ्या त तुह्या बाबाच्या हायत."

असं निघालं सगळं. वहिनीच्या वडिलांना हार्टच्या त्रासानंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू होत्या. एका गोळीने लकवा येत नाही, रक्त साफ राहतं, असं ऐकून दादा सहा महिने सासऱ्याच्या पाकिटातली रोज एक खात होता. आमच्याकडे हे चालतंच. एकाला गुण आला की ती गोळी अख्ख्या घराची होते. डॉक्टरांनी विचारलं तुमच्या गोळ्या कोणत्या, तर याने इमानदारीने सांगितलं, काही नाही.

सकाळी मी दादाला घेऊन डॉक्टरांकडे धावले. ते दादावर इतके ओरडले की बाहेरच्या पेशंटांनी माना वळवल्या. "या गोळीवर शॉक दिले असते तर किडनीभोवती रक्त साचलं असतं. आणि तुम्हाला दुसरी किडनी नाही, कळतंय का?" शॉक रद्द झाले. गोळी बंद केली, काही दिवस थांबून रक्त तपासलं, आणि मग लेझरनेच खडा काढला. सगळं नीट पार पडलं. देवाची कृपा, आई म्हणाली. मी पहिल्यांदाच गप्प बसले.

इथे संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. वाचला भाऊ, विषय मिटला, असंच ठरवलं होतं मी.

महिनाभराने दादाला तपासणीचा स्कॅन करायचा होता. तारीख फक्त मला आणि दादाला माहीत होती. नाव नोंदवलं नव्हतं, घरचा माणूस म्हणून अधेमधे घेणार होते. त्या दिवशी पाण्याचा डबा लावायची माझी हिंमत झाली नाही. कपडे बदलायच्या खोलीत उगाच वेळ काढला आणि फिरोजभाईला म्हटलं, आज टेस्ट तुम्ही करून घ्या. त्याला मी आधीचं काहीही सांगितलेलं नव्हतं, आजही नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. स्टुलावर बसला. बाटलीतलं पाणी प्यायला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुमच्या भावाचा स्कॅन आज आहे का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"असंच. एक किडनीवाला माणूस... ध्यानात राह्यला."

"फिरोजभाई, पाण्यात काय होतं?"

"पाणीच होतं," तो म्हणाला, आणि उठून गेला. मी आत धावले तर त्याने टेस्ट परत लावलेली होती. स्क्रीनवर साधा राखाडी गोल.

दादा आला. स्कॅन काढला. मी प्रत्येक इमेज पुन्हा पुन्हा बघितली, नागपूरच्या रेडिओलॉजिस्टना फोन करून बघायला लावली. किडनी स्वच्छ, खडा नाही, रक्त नाही, काही नाही. दादा खुशीत दारव्ह्याला गेला.

फिरोजभाईने त्याच महिन्यात नोकरी सोडली. अमरावतीला चांगली मिळाली म्हणाला. जाताना मी परत विचारलं. तो बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत राहिला. मग म्हणाला, "दादाकडं ध्यान द्या ताई."

कशाकडे ध्यान देऊ, ते त्याने सांगितलं नाही. आता तो फोन उचलत नाही. दादाला मी काही सांगितलेलं नाही, तो मजेत आहे. दर दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून मी त्याच्या तपासण्या करते आणि तो मला वेडी म्हणतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. ते बघून मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही... कारण त्या पहिल्या दिवशीही दादाच्या रिपोर्टवर हिरवाच रंग होता.