आवडाबाईचा म्हसोबा

आवडाबाई माळीण दारात आली तरी टोपली लगेच खाली ठेवायची नाही. आधी ओसरीवर कोण बसलंय, आतून कुणाचा आवाज येतोय, ते पाहून घ्यायची. मी नुसतं "बरी आहेस ना?" म्हटलं तरी डोळे बारीक करून विचारायची, "काहून? कोनं काय सांगतलं?" कोथिंबीर छान आहे म्हणावं, तर दृष्ट लागेल म्हणून टोपलीवर पदर ओढायची. वांगं हातात घेऊन पाहायची सोय नव्हती; आपण बोट दाखवायचं, वांगं ती देणार. वऱ्हाडातल्या रिठदला आम्ही नवीन आलो होतो, सन चोपन्न असेल, आणि ही बाई मला मुळीच आवडली नव्हती.

पुढे कळलं, की संशयावरच ती तगून होती. नवरा तरणाच गेला, मूलबाळ नाही. गावाबाहेरचा विहिरीचा मळा तिच्याकडे, आणि त्या मळ्यावर दीर चंपतचा डोळा. "वहिनी, एकटी कायले राबतं? घरी बसून खाय," असं तो फार गोड बोलायचा. म्हणून आवडाबाईने मळ्यातच खोपी बांधली आणि तिथे राहायला गेली. विहिरीशेजारी कमरेएवढा, शेंदराने थापलेला म्हसोबा होता. पहिलं वांगं त्याचं, मेथीची पहिली जुडी त्याची. त्याच्या जिवावर आपल्याला झोप लागते, असं ती सांगायची. माणसांवर ठेवायचा सगळा विश्वास तिने त्या एका दगडावर ठेवला होता.

आणि नेमका तोच दगड आमच्या ह्यांच्या नजरेत भरला.

हे शाळेत ड्रॉइंग शिकवत. ट्रेनिंगच्या वेळी ह्यांना एक वेल्श साहेब शिकवायला होते. वेल्स विलायतेत असला तरी तो इंग्रजांचा नव्हे, हे साहेब इतकं बजावून सांगत, की आमच्या ह्यांनाही ते पाठ झालं होतं. साहेबांच्या मुलखात म्हणे सुटीच्या दिवशी मास्तर पोरांना घेऊन जवळपासचे जुने दगड, जुनी देवळं, जुनी गाणी शोधत हिंडतात. झालं! रविवार आला की ह्यांच्या अंगात सहल यायची. शिरपूरचं जैन देऊळ पाहून झालं, कारंज्याच्या देवळातलं लाकडी कोरीवकाम पाहून झालं, मोटारीत बसून बसून माझी कंबर मोडली. मग गावातलेच दगड सुरू झाले.

मळ्यात ह्यांनी म्हसोबाभोवती दोन फेऱ्या मारल्या, कागदावर आकार उतरवून घेतला आणि म्हणाले, "आवडाबाई, ह्या शेंदराखाली नक्की काहीतरी कोरलेलं आहे. थोडा खरवडून पाहू का?"

आवडाबाईने विळा उचलला नाही, एवढंच. "चंपतनं धाडलं का तुमाले?" ती म्हणाली. "आज कागदावर काढसान, उद्या देव नागपूरच्या अजबबंगल्यात नेसान, अन् मंग मले मळ्यातून हाकलसान!" देव म्युझियमात धाडणार नाही, अशा ह्यांनी शपथा घेतल्या, पण शपथा घेणाऱ्या माणसावर तर तिचा अजिबात भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारी भाजी यायची बंद झाली.

काही दिवसांनी सकाळीच ती दारात उभी राहिली, टोपलीशिवाय. हे शाळेत गेले होते.

"मास्तर पहाटं कुठं गेलता?"

"फिरायला. रोजच जातात."

"तू सोबत होती काय?"

मी चिडले. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. हे दगडाच्या नादाला लागले की काय करतील, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

"चाल," ती म्हणाली. "तू बाईमानूस हायस. तुलेच दाखोते."

म्हसोबावर तिने आपलं लुगडं गुंडाळलं होतं. पायाशी शेंदराचं जाड कवच दोन तुकडे होऊन पडलेलं. वर्षानुवर्षं तेल-शेंदूर चढला की असं कवच कधीतरी आपोआप सुटतं. मग गाव वाजतगाजत ते नदीत सोडतं. मी तुकडे उलटून पाहिले. छिन्नीचा ओरखडा कुठेच नव्हता. आतल्या बाजूने मुंग्यांनी माती भरली होती. माझा जीव भांड्यात पडला. आवडाबाईने मात्र त्या मुंग्यांकडेही संशयाने पाहिलं.

"मग गावाला सांगू या की," मी म्हटलं. "देवानं कवच सोडलं."

तिने लुगडं बाजूला केलं. दगडात कोरलेला एक खांब, त्यातून निघालेला हात. कोपरात वाकलेला, पंजा उघडा, मनगटभर चुडा. वर चंद्र आणि सूर्य.

"हा म्हसोबा नोहे," ती म्हणाली. "असा दगड माह्या माहेरी येशीपाशी हाये. नवऱ्यासंगं जाळलेल्या बाईचा." ती दगडापाशी बसली. "इतके सालं मी इच्या जिवावर झोपली. अन् इले सोताले कोनं वाचोलं नाही."

मला रडू आलं. तिला नाही आलं. ती बांधाकडे, वाटेकडे पाहत होती.

"लोकायले समजलं तं काय होईन, ठाऊक हाये? पयला नारळ चंपत फोडीन. बाया ओट्या भराले येतीन. अन् मंग मले म्हनतीन, पाह्य आवडे, हे कशी नवऱ्यामांगं गेली, अन् तू वांगे इकून राह्यली!"

तिच्या आजवरच्या सगळ्या संशयांना मी हसले होते. ह्याला हसता येईना. चंपत ते कोणत्या गोड आवाजात म्हणेल, तेसुद्धा मला ऐकू येत होतं.

तिने खोपीतून तेल आणि शेंदूर आणला. आम्ही दोघींनी मिळून थापायला सुरुवात केली. चंद्र-सूर्य गेले, चुडा गेला. पंजा तिने शेवटी ठेवला. त्यावर आपला हात टेकवला. "माय, तुले जाळलं," ती म्हणाली. "मी नाही जळनार." मग पंजाही बुजवून टाकला.

संध्याकाळी माझे लाल हात पाहून ह्यांनी विचारलं, "शेंदराखाली काही दिसलं का गं?"

"दगड," मी म्हटलं. मला त्याचा आजही पस्तावा नाही.

आवडाबाईने पुन्हा भाजी सुरू केली, पण दर खेपेला आधी हळूच विचारायची, "मास्तरले सांगतलं तं नाही?" माझ्यावरही तिने पुरता विश्वास कधी टाकला नाही. पुढे पुष्कळ वर्षं ती त्या मळ्यात राहिली, आणि म्हातारी होऊन आपल्या मरणाने मेली.