वाळलेल्या पट्टीवरची रेघ

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे भिंगमावशी म्हणायचे. तयार शर्ट ट्यूबलाइटखाली पसरायचा, भिंग लावायचं आणि सुटलेला टाका हुडकून काढायचा, हे तिचं काम. डावा कान नवऱ्याने एका थपडेत कायमचा बंद करून टाकला होता. तो मेला तेव्हा तिने डोळ्यातून टिपूससुद्धा काढलं नाही. डोळे शाबूत राहिले हे नशीब, कारण त्यांच्याच जिवावर तिने दोन पोरी उजवल्या.

दिवस गेलेत का हे पाहायची पट्टी घेऊन बायका तिच्याकडेच यायच्या. दुसरी रेघ पुसट असली की घरचा माणूस काय सांगणार, कपाळ! कारखान्याच्या संडासात तपासणी करायची, ओली पट्टी मावशीच्या टेबलावर ठेवायची आणि श्वास रोखून उभं राहायचं. मावशीचा नियम एकच, चहा निवायच्या आत दाखवा. उशीर झाला, पट्टी वाळली, की तिच्यावर राखाडी रेघ उमटते, ती खोटी. गुलाबी झाक असेल तीच खरी. तिचा शब्द कधी चुकला नव्हता. "मावशीनं पाहिलं म्हणजे तसंच," असं बायका म्हणायच्या आणि पेढे मिळाल्यासारख्या हसायच्या किंवा गुपचूप डोळे पुसायच्या.

काजं करणारी पोरगी त्या दिवशी आली ती फुटका ओठ घेऊन. तपासणी तिने आदल्या दिवशी घरीच केली होती आणि पट्टी रुमालात गुंडाळून आणली होती.

"ही तर वाळलीय गं," मावशी म्हणाली. "उद्या नवीन कर."

"उद्यापर्यंत हाडं शिल्लक राहिली तर करीन. मावशी, दिवस गेलेत म्हटलं तर तो अंगाला हात लावणार नाही. तसं बोललाय. बघा ना नीट."

मावशीने भिंग लावलं. रेघ होती, पण राखाडी. त्या सुजलेल्या ओठाकडे पाहून परत पट्टीकडे पाहिलं, तर मेली तीच रेघ गुलाबी वाटायला लागली. माया आंधळी असते म्हणतात, ती अशी. "आहे गं," मावशी बोलून गेली.

ड्रायव्हर नवऱ्याचा हात खरंच थांबला. पोरगी सगळा डबा खाऊ लागली, मशीनवर गुणगुणू लागली. मावशीच्या मनात पाल चुकचुकत होती, पण पुन्हा तपास म्हणायची हिंमत होईना.

मग पोरीला पाळी आली. "पाडलंस तू माझं पोर," म्हणत नवऱ्याने पट्टा काढला आणि बकलाच्या बाजूने मारलं. दोन दात गेले. पोरगी तशीच रक्ताळल्या तोंडाने कारखान्यात पळत आली आणि तो मागोमाग घुसला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, त्याने तिला वेणीला धरून मशिनींमधून फरफटत नेलं.

मावशी आडवी आली. "तिनं काही पाडलं नाही! पोटात काही नव्हतंच. रेघ मी चुकीची वाचली. मारायचं तर मला मार."

त्याने मारलं. मावशीचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, भिंगाचे तुकडे झाले. मग तो पोरीकडे वळला आणि तिच्या पोटात लाथ घालायला पाय उचलला. पोरीच्या हाताशी तापलेली इस्त्री होती. आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या त्या पोरीने ती त्याच्या तोंडावर हाणली. कातडं चरचरलं. तो गुरासारखा ओरडत कोसळला. तिने इस्त्री पुन्हा उचलली तेव्हा मावशीने तिचं मनगट धरलं. "बास. फासावर जाशील."

पोलीस आले. नवरा कण्हत बायकोकडे बोट दाखवत होता.

"कोणी मारलं?" पोलिसाने विचारलं.

मावशीच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. खोटं बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही. "कोणी नाही. मला ढकलताना याचाच तोल गेला आणि इस्त्रीवर तोंड आपटलं. मी पाहिलंय."

पोलिसाला ते पटलं नाही. त्याने बटणं लावणारीला विचारलं, "तू काय पाहिलंस?"

तिने मावशीकडे पाहिलं. "मावशीनं पाहिलं म्हणजे तसंच."

मग कॉलरवालीला. मग घडीवालीला. मशिनींच्या रांगेतून एकेक बाई उठून तेच सांगत गेली.