परभूची पाव्हणी

टेंभुर्णीच्या बाहेरच्या अंगाला आमचं घर होतं. गावानं आम्हाला आधीच वेशीबाहेर ठेवलेलं. ख्रिस्ती झाल्यावर 'बाटगे' ही शिवी वर मिळाली, विटाळ होता तसाच राहिला. रझाकारांनाही आमचा पुळका नव्हता. त्यांच्यातल्या एकानं भर बाजारात माझ्या नवऱ्याचा हात काठीनं मोडला, सलाम नीट केला नाही एवढ्यावरून. हे अजून जालन्याच्या दवाखान्यात पडून होते, तोवर निजामाचं राज्य बुडालं आणि गावातली माणसं मुसलमानांची घरं धुंडाळू लागली. मी काही रडत बसले नाही.

अशात एका दुपारी माझी सासू मागच्या ज्वारीतून एका म्हाताऱ्या मुसलमान बाईला हाताला धरून घरात घेऊन आली. बाईचा बुरखा फाटलेला, पायांत काटे. ही कोण, असं मी विचारलं. सासू म्हणाली, कोणी का असेना, भुकेली आहे. आपलं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं! मी चुलीपुढून उठलेसुद्धा नाही.

त्यात बाईचा तोरा बघा. भाकर पुढे ठेवली तर तिनं हात मागे घेतला. या भांड्यांत कधी डुक्कर शिजलं होतं का, म्हणून विचारलं. घर गेलं, माणसं पांगली, पण सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही. मग उपाशी मर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सासूनं मात्र तवा आणि पातेलं तिच्या डोळ्यांसमोर राखेनं घासलं, नवं पीठ मळलं आणि प्रार्थना करून गरम भाकर वाढली. तेव्हा कुठे बाई जेवली.

तिचं जेवण उरकतंय तोच कुऱ्हाडी-काठ्या घेऊन माणसं आली. पुढे पाटलाचा पुतण्या. सगळे दारापासून लांबच थांबले, कारण आमच्या उंबऱ्याला पाय लागला तर त्यांना अंघोळ करावी लागायची. जीव घ्यायला निघालेल्यांना विटाळाची भीती! सासू दारात आडवी उभी राहिली. ती कधी कुणाशी खोटं बोलत नसे, म्हणून मी उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"आत कोन हाय?" पुतण्यानं विचारलं.

"पाव्हणी हाय."

"कुठली?"

"परभूची."

दारात आलेलं अनोळखी माणूस प्रभूनंच धाडलेलं असतं, असं सासूचं म्हणणं. पुतण्याला भलतंच ऐकू आलं. परभणीची पाव्हणी हाय, असं त्यानं मागच्यांना सांगितलं. आणि सासूनं त्याची चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. खरंच उघडलं! मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"व्हय, परभनीची. माझी मावशी हाय," मी म्हणाले. "पटकी झालीया तिला. बघायची तर या आत."

पटकीचं नाव ऐकल्यावर ते पुढे सरकलेच नाहीत. शिव्या देत निघून गेले.

सासू उलट माझ्यावरच भडकली. खोटं बोललीस, रविवारी सगळ्यांपुढे तुझ्यासाठी माफी मागते, म्हणाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाई वाचली ती कुणाच्या जिभेनं?

पुढे ह्यांना आणायला जालन्याला बैलगाडी निघाली, तिच्यातच बाईला कडब्याच्या आड बसवलं. निघताना तिनं माझं मनगट धरलं. आभार मानेल असं वाटलं.

"तेरे मरद का हात मेरे बेटे ने तोडा," ती म्हणाली. "मैं वहींच खडी थी. तेरी सास मेरे कू पैचानती है."

गाडी वळली. मी तरातरा घरात गेले आणि सासूला विचारलं, तुम्ही हिला ओळखत होता? ती हो म्हणाली. मग मला का नाही सांगितलं?

"वळख धरली असती, तर म्याच तिला त्या लोकायच्या हवाली केलं असतं," सासू म्हणाली. "म्हनून वळखच धरली न्हाई."

रविवारी ती सगळ्यांपुढे प्रार्थनेला उठली. आधी स्वतःच्या खोट्याची माफी मागितली, मग माझ्या. मग त्या बाईच्या पोरासाठी मागायला गेली, तर तिला बोलताच येईना. आम्ही सगळे मान खाली घालून वाट पाहत राहिलो. ती तशीच खाली बसली.