उंबऱ्यावरची वंशावळ

बायबलातल्या, म्हणजे आमच्या भाषेत शास्त्रातल्या, वंशावळी मला कधीच आवडल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला; नावं संपता संपत नाहीत. आमच्या धाराशिवच्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेत येशूची वंशावळ वाचायचं काम अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे असायचं. दुसरं कुणी असतं तर मधली दहा नावं गाळून मोकळं झालं असतं. अण्णा मात्र अब्राहामापासून एकेक नाव सावकाश घ्यायचे, त्या माणसाला हाक मारून पुढे बोलावल्यासारखं. पोरं चुळबुळ करायची, बाहेर चहा गार व्हायचा. घरी आल्यावर मी विचारायचे, "झाली का अण्णा सगळ्यांची हजेरी?" ते हसून म्हणायचे, "एक बी गैरहजर न्हवता."

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. शिक्षण बेताचं, पण नोहाच्या तीन मुलांपासून पृथ्वीवरचे सगळे लोक कसे पसरले, बेटांवर कोण गेले, वाळवंटात कोण राहिले, हे त्यांना घरच्या नात्यागोत्यासारखं ठाऊक होतं. नोहाच्याही आधीचा याबाल त्यांचा खास लाडका. तंबूत राहून जनावरं पाळणाऱ्या साऱ्या लोकांचा तो मूळपुरुष, असं शास्त्रात एवढ्याशा ओळीत येऊन जातं. ती ओळ आली की अण्णा बोट टेकवून म्हणायचे, "ह्यो आपला." कारण आमचे आजोबा मेंढपाळाच्या घरचे, अणदूरकडचे. त्यांचं मूळचं नाव बिरू. लहानपणी पायाची जखम चिघळली म्हणून घरच्यांनी त्यांना मिशनच्या दवाखान्यात ठेवलं आणि कळप चरत पुढे निघून गेला. पाय वाचला, पण वाकडा राहिला. आजोबा तिथंच शिकले, तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, याकोब झाले, आणि घरी परत गेले नाहीत. विचारलं तर एकच वाक्य बोलायचे, "माझं नाव टाकलं असंल त्यांनी." अण्णांनी कितीतरी वर्षं हैदराबाद रस्त्यावर गाडी चालवली. अणदूरच्या स्टँडवर गाडी थांबायची, माणसं चढायची-उतरायची. अण्णा काही सीटवरून खाली उतरले नाहीत. टाकलेल्या माणसाच्या पोरानं कुणाच्या दारात जायचं, हा त्यांचा हिशेब होता.

गेल्या हिवाळ्यात अण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी एकुलती एक, लग्न न केलेली. आई आधीच गेलेली. मला वाटलं होतं, अण्णांसारखा विश्वासाचा माणूस शांतपणे जाईल. पण झालं उलटंच. त्यांना झोप लागेना. एका सकाळी मी चहा पाजत होते, तर म्हणाले, "अब्राहाम गेला तवा आपल्या लोकांना जाऊन मिळाला म्हणतात. इसहाक बी तसाच. म्या कुणाला मिळू? याकोबाच्या वर मला एक नाव ठावं न्हाय. तिथं गेल्यावर कुणाचा म्हणून सांगू?"

आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले तेव्हा त्यांनी समजावलं, प्रभूच्या घरी सगळे आपलेच असतात. अण्णा "व्हय साहेब" म्हणाले. ते निघून गेले आणि अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना असं पाहून मला देवाचा राग आला, खरंच आला. ज्या माणसानं जन्मभर तुझ्या बापजाद्यांची नावं इमानानं घेतली, त्याला त्याच्या बापजाद्यांची चार नावं देता येत नाहीत का तुला? प्रार्थना कसली, भांडणच ते.

शेवटी शेजारणीला अण्णांजवळ बसवून मी अणदूर गाठलं. खंडोबा त्या दिवसांत नळदुर्गला मुक्कामाला असतो, त्यामुळे देवळाकडे सामसूम होती. मी दुकानात विचारलं, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. वाकड्या पायाचा बिरू, मिशनच्या दवाखान्यात राहिलेला, कुणाला ठाऊक आहे का? लोक चांगले होते, पाणी देत होते, बसायला सांगत होते. पण बिरू नावाची माणसं त्या भागात ढिगानं. मेंढरांमागची घरं तर केव्हाच कर्नाटकाच्या बाजूला सरकली होती. दुपार कलली तेव्हा मी हात टेकले. स्टँडवर येऊन बसले आणि मनातल्या मनात देवाला म्हटलं, बाबा, माझ्याच्यानं होत नाही. आता तुझं तू बघ. त्यात भक्ती फारशी नव्हती, नुसता थकवा होता.

बस आली नव्हती. समोरून एक वयस्क माणूस बैल घेऊन आला. बैलाच्या पाठीवर झूल, माणसाच्या हातात पितळी घंटा. मला वाटलं मागायला आला आहे. मी दहाची नोट पुढे केली. त्यानं ती घेतली नाही.

"कुणाच्या घरच्या, अव्वा?" त्यानं विचारलं.

"घ्या की बाबा. घर कशाला विचारता?"

"ज्याचं कूळ ठावं न्हाय, त्याचं दान आमी घेत न्हाय. हेळवी हाय मी."

हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवणारे लोक. कर्नाटकाच्या बाजूनं येतात, ठरलेल्या घरांच्या दारात उभे राहून त्या घराची वंशावळ म्हणतात आणि धान्य घेऊन पुढे जातात. मी त्यांच्याबद्दल ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. त्याच्या त्या एका प्रश्नानं मला रडूच फुटलं. तेच शोधत आले होते मी. मी त्याला सगळं सांगितलं. तो डोळे मिटून कानडीत काहीतरी पुटपुटत राहिला. मग म्हणाला, "बिरू. पायाचा. व्हय."

"ठाऊक आहे तुम्हाला? सांगा ना!"

"रस्त्यावर न्हाय म्हणत, अव्वा. वंश उंबऱ्यावर म्हणायचा आसतो. वडील हायत न्हवं अजून?"

"आहेत."

"मग उद्या येतो. बैल हितं ठिवून येतो."

त्याला पत्ता सांगून घरी परतताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तो येईल का, आणि तोवर अण्णा राहतील का? अण्णांना मी काही बोलले नाही. एकदा आशा लावून ती मोडली असती तर?

सकाळी तो खरंच आला. दारावर नाताळचा कागदी तारा लटकत होता; त्याच्याखाली उभा राहून त्यानं दिवा आणि तांब्याभर पाणी मागितलं. पाळकसाहेब नेमके तेव्हाच आले होते. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्ची सरकवून बसले. आमच्याकडे समई कुठली? मेणबत्ती आणली आणि विचारलं, चालेल का. "उजेड आसला म्हंजी झालं," हेळवी म्हणाला. मी सुपात जोंधळे घेतले, अण्णांचा पलंग दाराकडे ओढला आणि त्यांना उशांवर टेकवून बसवलं.

त्यानं घंटा वाजवली. अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सुरुवात झाली ती थेट जगाच्या आरंभापासून. वारूळ फुटलं, त्यातून मेंढरं निघाली, ती राखायला देवानं पहिला धनगर उभा केला. अण्णांचे डोळे चमकले. "याबालच की," ते हळूच म्हणाले. मग नावं सुरू झाली. धुळाला सोमा, सोमाला मायाप्पा, मायाप्पाला जकाप्पा. ज्या चालीला मी जन्मभर हसले, तीच चाल माझ्या उंबऱ्यावर उभी राहून माझ्याच रक्ताची नावं घेत होती. त्यांतल्या कुणाचा चेहरा मला माहीत नव्हता. तरी हेळवी नाव घ्यायचा आणि वाटायचं, कुणीतरी दारातून आत आलं. घर भरत चाललं होतं.

"जकाप्पाची लेकरं तीन. थोरला लक्षमन, मधला सिदू, धाकटा बिरू. बिरू पायानं अधू, दवाखान्यात ऱ्हायला. त्याची वाट हाय."

घंटा थांबली. अण्णा म्हणाले, "पुन्ना म्हणा."

हेळव्यानं पुन्हा म्हटलं. मग सांगितलं, "बिरूच्या आईनं आमच्या आज्याला बजावलं होतं. गेला म्हणू नगं, मेला म्हणू नगं, वाट हाय म्हण. तवापासनं आमी त्या घरात तसंच म्हणतो. आजच्या पोरांना बिरू कोण ते ठावं न्हाय, पर एक बी नाव आमाला गाळता येत न्हाय."

म्हणजे नाव टाकलेलं नव्हतं! आजोबा मनात सल घेऊन मातीत गेले, अण्णा गाडीतून खाली उतरले नाहीत, आणि इकडे दरवर्षी कुणाच्या तरी दारात घंटा वाजत होती आणि त्यांची वाट पाहिली जात होती. अण्णा रडत होते. मीही रडत होते, लपवायचं काही कारणच उरलं नव्हतं.

मग अण्णांनी डोळे पुसले. "बाबा, आता वाट हाय म्हणू नका. पोचला म्हणा."

"पोचला," हेळवी म्हणाला. "त्याला लेकरं?"

"म्या. शमुवेल."

हे नाव त्याच्या जिभेवर बसेना. दोन-तीनदा घोळवून त्यानं ते पक्कं केलं. "बिरूला शमुवेल. पुढं?"

"एक लेक. ही."

हेळवी अवघडला. "लेकीचं नाव वंशात न्हाय घेत आमी."

आणि अण्णा हसले. किती दिवसांनी हसले! "आरं, खुद्द परभूच्या वंशात चार बायांची नावं घेतल्यात. त्यातली एक तर परमुलखातली. तू एकीचं घे की!"

पाळकसाहेबांनाही हसू आवरलं नाही. हेळव्यानं क्षणभर विचार केला, घंटा वाजवली आणि माझं नाव घेतलं.

त्यानंतर अण्णा कण्हले, पण तळमळले नाहीत. नाताळच्या उपासनेला त्यांना जाता आलं नाही. वंशावळ मी वाचली, एकही नाव न गाळता. नवं वर्ष लागायच्या आत ते गेले. आपल्या लोकांना जाऊन मिळाले, असं पाळकसाहेब कबरीपाशी म्हणाले, तेव्हा ते मला अक्षरशः खरं वाटलं.

मी कुणाला पटवायला जात नाही. बस उशिरा येतेच, हेळवी त्या बाजूला फिरतातच. मला एवढंच माहीत आहे की मी सगळी दारं ठोठावली तेव्हा काही सापडलं नाही, आणि हात टेकले तेव्हा जे शोधत होते तेच घंटा वाजवत समोर आलं. राखणारा नावं राखून असतो, आपल्याला पत्ता नसला तरी. त्याच्यावर सोडून द्यायला मी उशिरा शिकले, पण शिकले, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही.

यंदा हेळवी पुन्हा आला. मूळच्या अणदूरच्या त्या घराण्यात त्यानं सगळं कळवलं आहे म्हणे. मी मेणबत्ती लावली, सुपात जोंधळे घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले. वारुळापासून सगळी नावं आली. "बिरू पोचला. शमुवेल पोचला." मग घंटा वाजली आणि त्यानं माझं नाव घेतलं. का कोण जाणे, मी शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "हजर."