दबाव नको म्हणून नेमलेली बाई

निवृत्तीनंतर मला एका नैतिकता समितीवर घेतलं. माणसांवरच्या संशोधनात कुणाला इजा होऊ नये, हे ती पाहते. डॉक्टर नसलेलं एक माणूस लागतं, ते मी. काम माझ्या स्वभावाला साजेसं होतं, चुका काढायच्या. डासांच्या अभ्यासाचा संमती अर्ज आला, तेव्हा त्यातलं 'स्वेच्छेने सहभाग' खोडून मी लिहिलं, 'नको वाटलं तर सरळ नाही म्हणा. कोणी रागावणार नाही.' या वाक्याचा मला फार अभिमान होता.

सहभागी होणाऱ्यांचं काम असं: दिवेलागणीला गोठ्यात पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून बसायचं आणि पायावर डास बसला की चावण्याआधी नळीने ओढून घ्यायचा. हिवताप होऊ नये म्हणून गोळ्या मिळणार होत्या, तरी एखादा डास चावतोच. सह्या घेताना कुणावर दबाव येत नाही ना, हे बघायला समितीने मला तिसगावजवळच्या एका गावात पाठवलं. तिथल्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं होतं. माझ्यासमोर लोक मोकळं बोलतील, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

सह्या त्याच शाळेच्या माझ्या जुन्या वर्गात घ्यायच्या होत्या; मी समोर खुर्चीवर बसले. अर्ज मोठ्याने वाचून झाला. बोलावलेल्या सगळ्यांनी सह्या केल्या, एकानेही काही विचारलं नाही. मला तर बरंच वाटलं.

सही केलेल्यांपैकी एक, माझा जुना विद्यार्थी, मला मोटारसायकलवरून एसटी थांब्यावर सोडायला आला. आता चाळिशीचा झालेला. मी सहज विचारलं, "भीती नाही ना वाटत?"

तो म्हणाला, "लई वाटती, बाई. माजी धाकटी भन हिवतापानंच गेल्ती."

ती माझ्याच वर्गात होती. हजेरीपटावरून तिचं नाव मीच कमी केलं होतं आणि साफ विसरले होते.

"मग सही का केलीस?"

"तुमी समोर बसल्या हुत्या. तुमच्यापुडं न्हाई कसं म्हनायचं?"

मला स्वतःची लाज वाटली. ज्या वर्गात याला अंगठे धरून उभं केलं, तिथेच बसून मी त्याच्या मर्जीची राखण करत होते. म्हटलं, "अरे, अजून काही बिघडलं नाही. नाव काढता येतं. तुझ्या मनात काय आहे?"

गाडीवरून उतरून तो माझ्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला.

"तुमीच सांगा, बाई. काढू का ऱ्हाऊ दिऊ?"